मीटिंगला बोलावतात, विचारत मात्र नाहीत

पत्र

ताई, स.न.वि.वि.

मी कोल्हापुरात कळंब्याकडं राहते. एका पतसंस्थेत क्लार्क आहे, वय ४७. धाकट्या भावाला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना स्किझोफ्रेनिया झाला, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. वडील नाहीत. आई ७४ वर्षांची. घरात आम्ही तिघंच.

आमच्यासारख्या घरांचा एक गट आम्ही काही वर्षांपूर्वी सुरू केला. अठराएक घरं आहेत. महिन्यातून एकदा एका मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत जमतो. चंदगड, गगनबावड्याहूनही माणसं येतात. कुणी रडतं, कुणी हसवतं, कुठली गोळी कुठं मिळते ते एकमेकांना सांगतो. त्या दिवशी घरी गेल्यावर जरा बरं वाटतं.

गेल्या वर्षी एका सामाजिक संस्थेच्या पुढाकारानं समन्वय समिती झाली. डॉक्टर, सरकारी अधिकारी, दोन-तीन संस्था आणि पालकांची प्रतिनिधी म्हणून मी. पहिल्यांदा फार आनंद झाला होता. आता वाटतं, मला तिथं शोभेला बसवलंय. बैठक मंगळवारी सकाळी अकराला असते, मला रजा टाकावी लागते. विषय त्यांनी आधीच ठरवलेले असतात. उठायच्या वेळी साहेब म्हणतात, "ताई, तुमचं काही?" मी बोलायला लागते तोवर निम्मे लोक मोबाइल बघत असतात. मग चहा, वहीत सही आणि फोटो. फोटो संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, "पालकांच्या सहभागातून" असं लिहून. मागच्या वेळी आई आजारी होती म्हणून भावाला सोबत न्यावं लागलं. त्याचाही फोटो गेला. तो दोन दिवस नीट जेवला नाही.

गटात आता दोन तट पडलेत. एक म्हणतो, लाथ मारून बाहेर पडा. दुसरा म्हणतो, अधिकाऱ्यांशी वाकड्यात शिरू नका, उद्या आपलीच अपंगत्वाची सर्टिफिकेटं अडतील. मी मध्ये अडकलेय. समिती सोडावी का? आणि आमच्या गटाची रीतसर संस्था म्हणून नोंदणी केली तर आमचं वजन वाढेल का?

— एक बहीण, कोल्हापूर

उत्तर

प्रिय ताई,

समिती सोडू नका, एवढं आधी सांगून टाकते. का आणि कोणत्या अटींवर, ते पुढं येईलच. पण पहिल्यांदा फोटोचं बघू, कारण ते थांबवायला पुढच्या बैठकीची वाट बघायची गरज नाही.

उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा त्याच्याविषयीची माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, असं मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. मोबाइल-कॉम्प्युटरवर साठवलेल्या माहितीलाही हा गोपनीयतेचा हक्क लागू आहे. संमती त्याची हवी. तुम्ही किंवा आईंनी दिलेली चालत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप म्हणजे माध्यम कसं, असा कीस कुणी पाडेलही. पाडू देत. तुम्ही संस्थेच्या सचिवांना चार ओळी लिहा: अमुक तारखेचा फोटो सगळीकडून काढून टाकावा, आणि यापुढं फोटो काढण्याआधी समोरच्याला विचारावं. पत्राची पोच घ्या. सूर भांडणाचा नको, पण नुसतं तोंडी सांगूनही सोडू नका. आणि भावाला सांगा की मी असं पत्र दिलंय. त्याच्या बाजूनं कुणीतरी कागदावर उभं राहिलं, हे त्याला कळायला हवं.

आता तुमच्या पत्रातलं मला जे खटकलं ते बोलते. पत्रात भाऊ आहे, त्याचा आजार आहे, त्याचे उपाशी गेलेले दोन दिवस आहेत. तो काय म्हणतो, ते मात्र एका ओळीतही नाही. समिती तुम्हाला सगळ्यात शेवटी विचारते ही तुमची तक्रार आहे आणि ती खरीच आहे. पण त्याला समितीनंही विचारलेलं नाही आणि बहुतेक तुमच्या गटानंही नाही. रागावू नका. वीस वर्षं ज्यानं सांभाळलं त्याला वाटतंच की याच्या मनातलं आपल्याला कळतं. बरंचसं कळतंही.

पण सगळं कळत नाही. मराठीतल्या मदतगटांत आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, तेच शब्द मी इथं वापरते. शुभंकरांना विचारा काय हवं, तर दहातले आठ म्हणतील, "आमच्या मागं याला ठेवून घेणारी एखादी चांगली जागा." त्याच घरातल्या शुभार्थीला वेगळं बसवून विचारा. तो म्हणेल, बँकेचं पासबुक माझ्याकडं द्या. दुपारच्या गोळीनं झोप येते, ती रात्री घेतली तर चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. संध्याकाळी रंकाळ्यावर मला एकट्याला जाऊ द्या, मागनं दर दहा मिनिटांनी फोन करू नका. कामावर आजाराचं सांगायचं का लपवायचं? यातली एकही गोष्ट "पालक प्रतिनिधी" समितीत मांडणार नाही, कारण घरात त्याच्याकडून ती येऊ देणारं कुणी नसतं, आणि पासबुक तर बऱ्याचदा प्रतिनिधीच्याच कपाटात असतं.

दोघांची ओढ वेगळी असते, यात कुणाचं चुकलं असं नाही. कायद्यानंही ती वेगळी धरली आहे. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर ज्यांना आजार आहे किंवा होता त्यांच्या प्रतिनिधींना वेगळ्या जागा आहेत आणि सांभाळणाऱ्यांच्या प्रतिनिधींना वेगळ्या. मुंबईत राज्याच्या पातळीवर जे चालतं ते तुमच्या समितीत का चालू नये? पुढच्या बैठकीत पहिली मागणी हीच करा: दोन शुभार्थी सदस्य घ्या. दोन म्हणते, एक नव्हे. एकटा माणूस अशा टेबलाशी बसला की लोक त्याच्याकडं कौतुकानं किंवा काळजीनं बघत राहतात आणि त्याचं बोलणं बाजूला पडतं. दोघं असले की एकमेकांच्या आधारानं बोलतात, एखाद्या महिन्यात एकाची तब्येत बरी नसली तर दुसरा येतो. तुमचा भाऊ त्यातला एक असावा असं काही नाही. फोटोनंतर त्याला तिथं पाऊलही टाकावंसं वाटत नसेल. विचारा, नको म्हणाला तर विषय संपला.

घरात करण्याजोगी आणखी एक गोष्ट याच ओघात सांगते. आजार बळावला तर आपल्या वतीनं कुणी बोलायचं, हे सज्ञान माणूस स्वतः ठरवू शकतो. कायद्यात त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. कोऱ्या कागदावर लिहायचं, खाली सही किंवा अंगठा. असा कागद नसला की नातेवाइकांना धरलं जातं, आणि तुम्ही आजवर त्याच जोरावर धावपळ करत आलात. भाऊ बरा असताना निवांत बसून हा कागद करा. कदाचित तो तुमचंच नाव लिहील. कदाचित एखाद्या जुन्या मित्राचं लिहील, तेव्हा तुम्हाला वाईट वाटेल. तरी लिहू द्या.

आता समितीकडं येऊ.

मंगळवारी सकाळी अकरा ही वेळ कुणाच्या सोयीची आहे बघा. टेबलाभोवती बसलेल्या जवळजवळ सगळ्यांना त्या दोन तासांचा पगार मिळतो. तुमची रजा जाते, चंदगडच्या माणसाचा तर पुरा खाडा पडतो आणि वर शंभरावर किलोमीटरचा प्रवास. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण घरी शुभार्थीजवळ कोण बसणार याला कुठलीच सवलत नाही. तुमच्यावरच आई आजारी पडल्यावर भावाला घेऊन जायची वेळ आली, म्हणजे बैठकीची आखणी करताना सांभाळणाऱ्याचं घर कुणी डोळ्यांसमोर आणलंच नव्हतं. दुसरी मागणी म्हणून शनिवार दुपार मागा, निदान एक आड एक बैठक तरी. आणि येण्याजाण्याचा खर्च मागा. हे मागताना संकोच वाटेल. "समाजकार्याला पैसे कसले" असं कुणीतरी म्हणेलही. तेव्हा शांतपणे विचारा की बाकीच्यांचा प्रवासभत्ता कुठून निघतो.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र इतिवृत्तावर द्या. मागच्या सगळ्या बैठकांची इतिवृत्तं मागवून घ्या आणि एका बसणीत वाचा. माझा अंदाज आहे की प्रत्येकात एक वाक्य सापडेल: "सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली व आवश्यक ती कार्यवाही करण्याचे ठरले." कुणी करायची, कधीपर्यंत करायची, याचा पत्ता नसेल. सरकारी मराठीत हे वाक्य म्हणजे फाइल बंद. त्याच्यावर तुम्ही कितीही पोटतिडकीनं बोललात तरी पुढच्या बैठकीला काय विचारणार?

कोल्हापूरच्या माणसाला खरं तर हे शिकवायला नको. दूध संस्थेत दूध घालायला गेलेली बाई फॅटचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघते, आपल्या पुस्तकात लिहून घेते आणि मगच रिकामी किटली उचलते. दहा दिवसांनी बिल निघालं की आकडे ताडून बघते. चुकलं असेल तर सेक्रेटरीची धडगत नसते. संस्थेत तिचा शेअर असतो म्हणून ती हक्कानं विचारते, आणि पुस्तक तिच्या हातात असतं म्हणून तिला विचारता येतं. तुमच्या समितीत तुम्हाला दूध घालायला बोलावलंय, पुस्तक मात्र दिलेलं नाही.

तर बैठकीला एक साधी वही न्या. पतसंस्थेत नोकरी करता, रकाने पाडायला तुम्हाला कुणी सांगायला नको: काय ठरलं, कोण करणार, किती तारखेपर्यंत. बैठक संपायच्या आधी, चहा यायच्या आधी, तो कागद मोठ्यानं वाचून दाखवा. "साहेब, माझ्याकडं असं लिहिलंय, बरोबर आहे का?" एवढंच विचारायचं. कुणाचा अपमान होत नाही आणि कुणाला निसटताही येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो काढून सगळ्या सदस्यांना पाठवा. (हा फोटो खुशाल पाठवा.) आणि पुढची विषयपत्रिका आठ दिवस आधी मागा, तिच्यात गटाचा एक विषय पहिल्या दोनांत असेल असं ठरवून घ्या.

विषय कुठला, हा प्रश्न राहतो. इथं बरेच गट मार खातात. वीस वर्षांचं साचलेलं असतं, त्यामुळं माइक मिळाला की पुनर्वसन केंद्र, नोकऱ्या, पेन्शन, पोलिसांची वागणूक, शेजारी, सगळं एकदम बाहेर पडतं. समोरचा मान डोलावतो. त्याच्या हातात यातलं काहीच नसतं. तुम्ही एक विषय धरा, जो दोन-तीन महिन्यांत हलू शकतो आणि जो हलला तर त्यांचाही त्रास कमी होतो.

माझं मत विचाराल तर औषधं. चंदगड, गगनबावड्याहून माणसं कोल्हापुरात येतात ती बऱ्याचदा नुसती गोळी घ्यायला. पहाटेची गाडी, केसपेपर, नंबर, पाच मिनिटांची भेट, औषधाची खिडकी, आणि रात्री घर. आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारावरची औषधं सरकारी यंत्रणेत ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडं आणि सदासर्वकाळ मोफत मिळाली पाहिजेत, असं २०१७ च्या कायद्याचं कलम १८ सांगतं. मग प्रस्ताव असा ठेवा: ज्यांची तब्येत डॉक्टरांच्या मते स्थिर आहे त्यांनी तज्ज्ञांकडं ठरावीक महिन्यांनी यावं, आणि मधल्या काळातली गोळी त्यांच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून मिळावी. क्लोझापिन ही गोळी चालू असलेल्यांचं वेगळं, त्यांना रक्ततपासणी चुकवता येत नाही, म्हणून त्यांची यादी वेगळी करा. हे तुम्ही आधीच सांगितलंत की डॉक्टर तुमच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतील. शहरातल्या ओपीडीची रांगही यानं थोडी कमी होते. एका मानसोपचारतज्ज्ञापुढं सकाळपासून लागलेली रांग तुम्ही बघितली असेलच. तिथं प्रत्येकाशी वीस मिनिटं बोला असं सांगणं सोपं असतं.

प्रस्तावाआधी गटानं एक काम करायचं. अठरा घरांची एका कागदावर माहिती: तालुका, चालू गोळ्या, महिन्याच्या फेऱ्या, भाड्याचा खर्च, बुडालेली मजुरी, आणि गेल्या सहा महिन्यांत गोळी न मिळाल्यानं कितीदा खंड पडला. नावं लिहू नका, नुसते क्रमांक. असा कागद समितीतल्या दुसऱ्या कुणाकडंही नाही. तुमची बाजू तिथं वजनदार होते ती अशा कागदानं.

आणि पत्र योग्य दारात टाका, नाहीतर ते फिरत राहतं. आरोग्य खातं म्हणून आपण जे एक समजतो ती प्रत्यक्षात तीन-चार वेगळी घरं आहेत. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडं. शहरातले महापालिकेचे दवाखाने महापालिकेकडं. ग्रामीण रुग्णालयातल्या गोळ्यांची मागणी तुम्ही सीपीआरच्या अधिष्ठात्यांपुढं, म्हणजे डीनपुढं, मांडलीत तर ते सहानुभूतीनं ऐकतील आणि खरंच काही करू शकणार नाहीत. समन्वय समितीचा उपयोग असला तर तो इथंच आहे, की ही घरं एका टेबलाशी बसतात. पुढच्या वेळी कोण येत नाही ते बघा. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून कुणी येत नसेल तर औषधांवर कितीही चर्चा करा, ती हवेत जाणार. आधी तो माणूस बोलवायला लावा.

"हे घरच्यांचं, गावातल्या माणसांचं काम नाही, तज्ज्ञांचं आहे" असं बैठकीत कुणी म्हणालंच तर साताऱ्याचं नाव घ्या. सातारा, गोवा आणि तमिळनाडू इथल्या स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांवर एक अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. काहींना फक्त दवाखान्यातले उपचार. बाकीच्यांना त्याबरोबर घरी येणारे, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते, जे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करत होते. वर्षभरानंतर दुसऱ्या गटाची लक्षणं आणि रोजच्या जगण्यातल्या अडचणी जास्त कमी झाल्या. फरक माफकच होता, चमत्कार झाला नाही, आणि तसा दावा तुम्हीही करू नका. पण आपल्याच टापूत, आपल्यासारख्याच गावांत ते करून बघितलंय आणि उपयोग झालाय, एवढं सांगायला तुम्हाला कुणाची परवानगी नको.

गटातल्या दुसऱ्या तटाची भीती, सर्टिफिकेटं अडतील ही, मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याला दर वेळी त्याच खिडकीसमोर उभं राहायचंय तो भांडण टाळणारच. पण अपंगत्वाचं प्रमाणपत्र समितीतले साहेब देत नाहीत, ते ठरलेल्या पद्धतीनं मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार आहे. आजारानं आलेलं अपंगत्व मोजायला 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी घेणं, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, अशा चार बाजू बघतात, आजार किती वर्षांचा हेही धरतात. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात. इथं शुभंकरांच्या हातून एक हमखास घोळ होतो. डॉक्टर विचारतात, "अंघोळ स्वतः करतो का?" आई अभिमानानं म्हणते, "हो, सगळं करतो." ती हे सांगत नाही की त्यासाठी सकाळी सातपासून दहापर्यंत पाच वेळा म्हणावं लागतं, पाणी काढून द्यावं लागतं, साबण हातात द्यावा लागतो. मग टक्केवारी कमी येते आणि दोष व्यवस्थेला लागतो. गटाच्या एखाद्या बैठकीत याचीच तालीम घ्या: वाईट दिवस कसा असतो, ते लाज न बाळगता कसं सांगायचं. शुभार्थी समोर असताना हे बोलणं त्याला लागू शकतं, म्हणून त्याला आधी विश्वासात घ्या. आणि गावाकडच्या घरांना एक आठवण करा, ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून विचारायचं की तो कशावर गेला. प्रमाणपत्र असलेल्या शुभार्थीचा त्यावर इतरांइतकाच हक्क आहे.

"आमच्या मागं काय" हा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण आईंचं वय आणि तुमचं वय लिहिलंत, तेव्हाच तो पोचला. कालपरवापर्यंत आपल्याकडं याला एकच उत्तर माहीत होतं, रत्नागिरी. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि आपल्या बोलण्यात अजूनही ते गाव म्हणजे गाव राहिलेलं नाही. २०१७ च्या कायद्याचं कलम १९ म्हणतं की घरच्यांनी नाकारलं किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही; आणि कलम १८ प्रमाणे निवाऱ्याच्या घरांची, घरच्यांना आधार देणाऱ्या सेवांची तजवीज सरकारनं करायची आहे. कागद चांगला आहे. अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. हा लांबचा विषय म्हणून समितीच्या वहीत नोंदवून ठेवा, पण पहिला घेऊ नका. पालकत्वासाठी काही घरं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडं धाव घेतात. ती समिती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. स्किझोफ्रेनियाला ती लागू नाही. गटातल्या कुणाचा हेलपाटा त्यानं वाचेल.

आणि तुम्ही. पत्रात तुमच्याविषयी एवढंच आहे की मध्ये अडकलेय. प्रतिनिधीपद एकटीनं ओढू नका. दोघी-तिघी आळीपाळीनं जा, वही मात्र एकच ठेवा. रात्री घरात काही बिनसलं आणि कुणाशी बोलायचं कळेना, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो सांभाळणाऱ्यांसाठीही आहे.

समिती कधी सोडायची, तेही ठरवून ठेवा. औषधांचा विषय नाव आणि तारखेसकट लिहून घेतलात, आणि पुढच्या तीन बैठकांत प्रत्येक वेळी नुसती तारीख पुढं सरकली, तर बाहेर पडा. पडताना गप्प पडू नका. वहीतली ती तीन पानं जोडून सगळ्या सदस्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना पत्र द्या. तोपर्यंत मात्र बसा.

नोंदणीचं एवढ्यात नको. सात सदस्य जमवून संस्था नोंदवणं अवघड नाही, पुढचं जड जातं: दर वर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करा, कार्यकारिणीत कुणी बदललं की ९० दिवसांत बदल अर्ज करा. तुमच्या अठरा घरांत हे करायला ज्यांना जमेल तीच माणसं आधीच सगळ्यात जास्त दमलेली आहेत. आणि एकदा पदं आली की अध्यक्ष कोण यावरून गटाची ती महिन्याची दुपार जाईल, जी आत्ता तुम्हाला घरी गेल्यावर बरं वाटायला लावते. पुढं कधी देणग्या घ्यायच्या असतील, जागा भाड्यानं घ्यायची असेल, तेव्हा बघा. सध्या गटाला एक नाव, बिनशिक्क्याचं साधं लेटरहेड आणि ती वही पुरते. पत्रावर सह्या मात्र शुभंकरांबरोबर शुभार्थींच्याही घ्या, ज्यांना करायच्या असतील त्यांच्या.